जकातीचे निमित्त आणि गुलामीचे कारण

2025 साली अमेरिकेने भारतातून जाणाऱ्या मालावर जबर आयातकर बसवला आणि टॅरिफ हा शब्द आपल्याकडे चहाच्या टपरीपर्यंत जाऊन पोहोचला. या शब्दाच्या आडोशाने एक जुनी थापही अधूनमधून आमच्या कानावर येते. थाप अशी की, 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत जे यादवी युद्ध झाले ते गुलामगिरीपायी झालेच नाही, ते जकातीपायी झाले. उत्तरेच्या कारखानदारांनी आयातकर वाढवून दक्षिणेच्या शेतीवाल्यांना लुटले, म्हणून बिचारी दक्षिण फुटून निघाली. गुलामांचा प्रश्न मागाहून चिकटवला गेला. असे सांगणारे विद्वान तिकडे दीडशे वर्षांपासून आहेत आणि त्यांचे ऐकून माना डोलावणारे इकडेही आहेत.

याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. राष्ट्रपिता जोतीराव फुले यांनी 1873 साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील त्या सज्जनांना अर्पण केला, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी स्वतः झीज सोसली. युद्ध संपून तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती. ते युद्ध खरोखर जकातीचे असेल, तर जोतीरावांची अर्पणपत्रिका चुकीच्या पत्त्यावर गेली असे म्हणावे लागेल. म्हणून या थापेची शहानिशा करणे आम्हास आवश्यक वाटते. शहानिशेसाठी आम्ही साक्षीला बोलावतो तो गुलामांचा कैवारी नाही, गुलामांचा मालक आहे. जकातीविरुद्ध ज्याने सर्वांत मोठे वादळ उठवले, त्या जॉन कॅल्हूनचे आयुष्यच काय सांगते ते पाहू.

जॉन कॉल्डवेल कॅल्हूनचा जन्म 18 मार्च 1782 रोजी साऊथ कॅरोलिना राज्याच्या डोंगराळ भागात, ॲबेव्हिल परगण्यात झाला. बाप पॅट्रिक कॅल्हून हा आयर्लंडहून आलेल्या कुटुंबातला. कष्टाने जमीन केली, मग जमिनीवर राबायला गुलाम केले. 1790 च्या शिरगणतीत त्याच्या नावावर तीसेक गुलाम होते आणि त्या भागात एवढे गुलाम फार थोड्यांकडे होते. केंद्र सरकारच्या हाती अधिकार जाऊ नयेत, असे या बापाचे मत होते. पोर चौदा वर्षांचे व्हायच्या आतच बाप वारला. मुलगा हुशार होता. येल विद्यापीठातून 1804 साली पदवीधर झाला, कायदा शिकला, 1811 मध्ये नात्यातल्याच फ्लोराइड या श्रीमंत मुलीशी लग्न केले आणि त्याच वर्षी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात जाऊन बसला.

आता गंमत पाहा. पुढे जकातीचा काळ ठरलेला हा माणूस तरुणपणी जकातीचा वकील होता. 1812 च्या इंग्लंडविरुद्धच्या युद्धासाठी त्याने हिरिरीने आग्रह धरला होता. युद्धानंतर देशात कारखाने उभे राहावेत, रस्ते व्हावेत, राष्ट्र बळकट व्हावे, असे त्याचे म्हणणे होते. 1816 च्या संरक्षक जकातीच्या कायद्याला त्याने भाषण करून पाठिंबा दिला. नंतर सात-आठ वर्षे तो युद्धमंत्री होता आणि 1825 मध्ये उपराष्ट्राध्यक्ष झाला.

आपल्याकडे जकात म्हटले की शहराच्या वेशीवरचा पूर्वीचा जकात नाका आठवतो. ही जकात तशी नव्हे. परदेशातून बंदरात उतरणाऱ्या मालावरचा हा कर. इंग्लंडचे कापड आणि लोखंड महाग करायचे, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि पेनसिल्व्हेनियाच्या कारखान्यांचा माल खपतो, हा त्याचा हिशेब. त्या काळी प्राप्तिकर नव्हता, केंद्र सरकारचा बहुतेक खर्च याच पैशावर चाले. दक्षिणेचे गणित निराळे होते. ती कापूस पिकवून इंग्लंडला विके आणि गरजेचा माल विकत घेई. कर वाढला की माल महाग, आणि इंग्लंडचा माल खपला नाही तर इंग्लंड आपला कापूस कमी घेईल ही धास्ती. ही तक्रार अगदीच खोटी होती असे आम्ही म्हणत नाही.

पण वेळ कोणती होती तेही पाहिले पाहिजे. 1818 च्या सुमारास कापसाचा भाव पौंडाला तीस सेंटच्या आसपास होता. दहा वर्षांत तो दहा सेंटच्या आसपास आला. अलाबामा आणि मिसिसिपीच्या नव्या काळ्या जमिनीतून कापसाचे ढीग बाजारात येत होते आणि साऊथ कॅरोलिनाची जुनी जमीन थकली होती. अशा वेळी 1828 मध्ये नवा जकात कायदा आला. करपात्र मालाच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत आणि काही बाबतीत त्याही पुढे कर गेला. दक्षिणेने या कायद्याला घृणास्पद ठरवले. थकलेल्या जमिनीचा आणि पडलेल्या भावाचा सगळा राग त्या एका कायद्यावर निघाला.

उपराष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेल्या कॅल्हूनने त्याच वर्षी स्वतःचे नाव न घालता एक निवेदन लिहून आपल्या राज्याला दिले. त्यातला सिद्धांत असा की, संघराज्य हा राज्यांनी केलेला करार आहे. केंद्राचा एखादा कायदा घटनेबाहेरचा वाटला तर एखादे राज्य तो आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवू शकते. 26 जुलै 1831 रोजी त्याने फोर्ट हिल या आपल्या मळ्यावरून हाच सिद्धांत उघडपणे, स्वतःच्या नावाने मांडला. राज्यांचे स्वातंत्र्य, अल्पसंख्याकांचे रक्षण, बहुमताच्या जुलुमाला आळा, असे सारे उदात्त शब्द त्यात आहेत.

त्यानंतर महिनाभराने त्याच मळ्यावरून त्याने आणखी एक पत्र लिहिले. ॲलेक नावाचा त्याचा एक घरगुती गुलाम काही चुकीबद्दल फटक्यांची धमकी मिळाल्यावर पळाला होता आणि पकडला जाऊन ॲबेव्हिलच्या तुरुंगात पडला होता. जुलुमाविरुद्ध ग्रंथ लिहिणाऱ्या या तत्त्वज्ञाने नातेवाइकाला कळवले की, त्याला आठवडाभर कोठडीत भाकर-पाण्यावर ठेवा, तीस फटके मारवा आणि मग परत पाठवा. जकातीच्या कहाण्या सांगणारे फोर्ट हिलचा जाहीरनामा वाचून दाखवतात, ॲलेकचे पत्र वाचून दाखवत नाहीत. आमच्या मते दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले पाहिजेत.

तिसराही एक कागद आहे. सप्टेंबर 1830 मध्ये व्हर्जिल मॅक्सी या आपल्या मित्राला लिहिलेल्या खासगी पत्रात कॅल्हूनने मनातले सांगून टाकले. जकात हे आताच्या बिघाडाचे निमित्त आहे, खरे कारण नाही, अशी त्यात स्पष्ट कबुली आहे. खरे कारण दक्षिणेची ती खास घरगुती व्यवस्था, म्हणजे गुलामगिरी. या व्यवस्थेमुळे कर आणि सरकारी खर्चाच्या बाबतीतही दक्षिणेचे हित देशातील बहुमताच्या उलट्या बाजूला पडते आणि केंद्राला आज अडवले नाही तर उद्या त्या व्यवस्थेलाच हात लागेल, ही त्याची खरी भीती होती. वाचकहो, जकातवाद्यांच्या मूळ पुरुषानेच ही साक्ष दिलेली आहे. आणखी कोणता पुरावा हवा?

भीती निराधार नव्हती. साऊथ कॅरोलिनात गोऱ्यांपेक्षा गुलामांची संख्या जास्त होती. 1822 मध्ये चार्ल्सटन शहरात डेन्मार्क व्हेसी या गुलामीतून सुटलेल्या सुताराच्या नेतृत्वाखाली उठावाचा कट झाल्याचा आरोप ठेवून 35 कृष्णवर्णीयांना फासावर चढवले गेले. ऑगस्ट 1831 मध्ये, म्हणजे ॲलेक पळाला त्याच महिन्यात, व्हर्जिनियात नॅट टर्नरने गुलामांचा उठाव केला. मालकवर्गाची झोप उडाली होती. जकातीचा तोटा तर सगळ्याच कापूस पिकवणाऱ्या राज्यांना होता. परंतु 24 नोव्हेंबर 1832 रोजी साऊथ कॅरोलिनाच्या अधिवेशनाने 1828 आणि 1832 चे जकात कायदे रद्दबातल ठरवले, तेव्हा दुसरे एकही राज्य त्यांच्या मागे गेले नाही. 1832 च्या कायद्याने तर दर बरेच खाली आणले होते. गुलामांच्या अंगावर घालायच्या जाड्याभरड्या लोकरी कापडावरचा कर 5 टक्क्यांवर आणून मळेवाल्यांना खूश करण्याचाही प्रयत्न झाला होता. तरी साऊथ कॅरोलिना शांत झाली नाही, कारण दुखणे कापडाच्या दरात नव्हते.

राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन स्वतः गुलामांचा मालक होता. तरीही त्याने संघराज्य मोडू देणार नाही असे ठणकावले आणि सैन्य वापरण्याचा अधिकार संसदेकडून मिळवला. डिसेंबर 1832 मध्ये कॅल्हूनने उपराष्ट्राध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि तो सिनेटमध्ये आला. मार्च 1833 मध्ये हेन्री क्ले याच्या मध्यस्थीने तडजोड झाली, जकात टप्प्याटप्प्याने 1842 पर्यंत 20 टक्क्यांवर आणायचे ठरले आणि साऊथ कॅरोलिनाने आपला ठराव मागे घेतला. काही आठवड्यांनी जॅक्सननेही एका खासगी पत्रात लिहिले की जकात हा नुसता बहाणा होता, खरा हेतू दक्षिणेचे वेगळे राज्य काढण्याचा होता आणि पुढचा बहाणा गुलामांच्या प्रश्नाचा असेल. एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन वैरी एका गोष्टीवर एकमत होते: जकात हे निमित्त.

यानंतर कॅल्हूनने निमित्ताचा बुरखाही ठेवला नाही. गुलामगिरीविरोधी पत्रके टपालाने दक्षिणेत येऊ नयेत म्हणून तो झटला. गुलामगिरी बंद करण्याचे अर्ज संसदेने स्वीकारूच नयेत, असा त्याने हट्ट धरला. फेब्रुवारी 1837 मध्ये त्याने सिनेटमध्ये भाषण करून सांगितले की गुलामगिरी हे नाइलाजाने सोसायचे पाप नाही, ते मालक आणि गुलाम दोघांच्याही भल्याचे आहे. प्रत्येक श्रीमंत आणि सुधारलेल्या समाजात एक वर्ग दुसऱ्याच्या कष्टावर जगतोच, हा त्याचा युक्तिवाद होता. आमच्या वाचकांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. चातुर्वर्ण्य म्हणजे श्रमविभागणी आहे, त्यात शूद्राचेही कल्याण आहे, हे सांगणाऱ्यांना आपण चांगले ओळखतो. सातासमुद्रापलीकडच्या या गृहस्थाने मनुस्मृती वाचली असण्याची गरज नव्हती. दुसऱ्याच्या घामावर जगणाऱ्याला असे शास्त्र आपोआप सुचते.

1844-45 मध्ये परराष्ट्रमंत्री असताना त्याने टेक्सास संघराज्यात घेण्याची धडपड केली. त्या वेळी इंग्लंडच्या वकिलाला लिहिलेल्या सरकारी पत्रातही त्याने गुलामगिरीची बाजू मांडली. नव्या प्रदेशात गुलाम नेण्यास संसद बंदी घालू शकत नाही, हा त्याचा 1847 चा सिद्धांत. मार्च 1850 मध्ये क्षयाने खंगलेला कॅल्हून शेवटच्या भाषणासाठी सिनेटमध्ये आला. उभे राहून बोलण्याची ताकद नव्हती, म्हणून व्हर्जिनियाच्या जेम्स मेसनने ते वाचून दाखवले. कराचे जुने गाऱ्हाणे त्यात होते. पण संघराज्य टिकवायचे तर काय करा, या मागण्यांत जकात नव्हती. नव्या प्रदेशात गुलाममालकांना समान हक्क द्या, पळालेले गुलाम परत करा, गुलामगिरीविरुद्धची चळवळ थांबवा आणि दक्षिणेचे बळ पूर्ववत करणारी घटनादुरुस्ती करा, या त्या मागण्या होत्या. 31 मार्च 1850 रोजी तो वॉशिंग्टनमध्ये वारला.

त्याच्यानंतरची अकरा वर्षे जकातवाद्यांनी जरूर अभ्यासावीत. 1842 मध्ये जकात पुन्हा वाढली होती, तेव्हा एकही राज्य फुटले नाही. 1846 मध्ये ती कमी झाली. 1857 मध्ये आणखी कमी झाली, इतकी की कित्येक दशकांत ती एवढी खाली नव्हती. जकात चढी असताना देश एकसंध राहिला आणि जकात उतरलेली असताना फुटला. असे कसे? नोव्हेंबर 1860 मध्ये गुलामगिरीचा फैलाव रोखू म्हणणारे अब्राहम लिंकन निवडून आले आणि 20 डिसेंबरला साऊथ कॅरोलिना बाहेर पडली. 1 फेब्रुवारी 1861 पर्यंत सात राज्ये बाहेर पडली. जकात वाढवणाऱ्या मॉरिल कायद्यावर सही झाली ती 2 मार्च 1861 रोजी. दक्षिणेचे सिनेटर उठून गेले म्हणून तो सिनेटमध्ये सहज पार पडला. जे कारण आधी घडले नव्हते त्याचा परिणाम आधी कसा झाला, हे कोडे कोणीतरी सोडवावे.

दक्षिणच सगळा कर भरत होती, हेही सांगितले जाते. आयातकराचा सुमारे दोन तृतीयांश पैसा एकट्या न्यूयॉर्क बंदरात गोळा होई. चार्ल्सटनचा वाटा अगदी किरकोळ होता.

साऊथ कॅरोलिनाने फुटताना आपल्या कारणांचे जाहीर निवेदन काढले. त्यात जकातीचा उल्लेख नाही. उत्तरेची राज्ये पळालेले गुलाम परत देत नाहीत, हे त्यातले मुख्य गाऱ्हाणे आहे. म्हणजे राज्यांच्या हक्काचा जप करणाऱ्यांना दुसऱ्या राज्यांनी स्वतःचा हक्क वापरलेला चालत नव्हता! मिसिसिपीने तर आपले हित गुलामगिरीशी एकरूप असल्याचे पहिल्याच ओळींत सांगितले. त्याच डिसेंबरात युद्ध टाळण्यासाठी सिनेटर क्रिटेंडन याने सहा घटनादुरुस्त्या सुचवल्या. सहाच्या सहा गुलामगिरीविषयी होत्या, जकातीवर एकही नाही. मार्च 1861 मध्ये दक्षिणेचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने आपल्या नव्या राज्याचा पाया काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही या तत्त्वावर उभा असल्याचे जाहीर सभेत सांगितले. नव्या राज्याच्या घटनेत संरक्षक जकातीला बंदी होती हे खरे. पण जकातीचे कलम तेवढे दाखवून त्याच घटनेतले गुलामगिरीला अभय देणारे कलम झाकणे हा अप्रामाणिकपणा आहे. त्यांनी 1862 मध्ये काढलेल्या शंभर डॉलरच्या नोटेवर कॅल्हूनचे चित्र आहे आणि नोटेच्या मधोमध कापसाच्या शेतात खुरपणारे गुलाम आहेत. स्वतःची ओळख त्यांनी स्वतःच छापून ठेवली आहे.

खरे तेवढे सगळे सांगितले पाहिजे. उत्तर काही संतांची नव्हती. लिंकन यांनाही संरक्षक जकात मान्य होती आणि सुरुवातीला ते संघराज्य वाचवण्यासाठी लढत होते, असलेल्या राज्यांतली गुलामगिरी मोडण्यासाठी नव्हे. युद्धाला मुक्तीचे युद्ध केले ते मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांत येणाऱ्या गुलामांनी आणि गुलामगिरीविरुद्ध तीस वर्षे झगडणाऱ्या चळवळीने. 1 जानेवारी 1863 ला मुक्तीचा जाहीरनामा निघाला आणि सुमारे 1 लाख 80 हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या सैन्यात लढले. सहा ते साडेसात लाख माणसे मेली. 1860 च्या शिरगणतीतले 39 लाखांहून अधिक गुलाम 1865 अखेर कायद्याने माणसे ठरले. जोतीरावांची अर्पणपत्रिका योग्य पत्त्यावरच गेली होती.

कॅल्हूनच्या विचाराचा एक धागा आम्हास विशेष तपासावासा वाटतो. बहुमताच्या सत्तेपासून अल्पसंख्याकांना संरक्षण हवे, हे तो आयुष्यभर मांडत राहिला. मृत्यूनंतर 1851 मध्ये निघालेल्या त्याच्या ग्रंथातही तेच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 1947 मध्ये संविधान सभेसाठी लिहिलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये अल्पसंख्याकांसाठी संरक्षक तरतुदी मागितल्या. शब्द एकच, मग फरक कोठे? कॅल्हूनचा अल्पसंख्याक म्हणजे मळ्याचा मालक. त्याला संरक्षण हवे होते ते ॲलेकला फटके मारण्याच्या अधिकाराला. बाबासाहेबांचा अल्पसंख्याक म्हणजे ज्याला शतकानुशतके फटके बसले तो. हक्काची भाषा कोण बोलतो याने भुलू नये. तो हक्क मिळाल्यावर कोणाची पाठ वाचणार आणि कोणाची सोलली जाणार, हे विचारावे.

चार्ल्सटनच्या मध्यवर्ती चौकात 1896 पासून उंच खांबावर उभा असलेला कॅल्हूनचा पुतळा जून 2020 मध्ये उतरवण्यात आला. येल विद्यापीठाने 2017 मध्ये आपल्या एका महाविद्यालयाचे त्याचे नाव काढून तेथे ग्रेस हॉपर या संगणकशास्त्रज्ञ महिलेचे नाव दिले. पुतळे उतरतात, पण थापा सहज उतरत नाहीत. आपल्याकडेही जातीचा प्रश्न आला की तो जातीचा नाही, शेतीचा आहे, पैशाचा आहे, निकष आर्थिक लावा, असे सांगणारे पुढे सरसावतात. पैशाचा प्रश्न खोटा नसतो. 1828 ची जकातही खोटी नव्हती. परंतु त्या पैशाखाली कोणाचे शरीर राबते आहे, हे विचारले नाही तर हिशेब अपुराच राहतो. जकातीची कहाणी कोणी पुन्हा सांगू लागला, तर बांधवांनी त्याला एवढेच विचारावे की ॲलेकला मारलेले तीस फटके जकातीच्या कोणत्या दरात बसतात?